सिंहस्थाआधी मागची खोली

बारा वर्षांतून एकदा सगळ्या गोतावळ्याला नाशिककर आठवतात. २०१५ नंतरचा सिंहस्थ आता २०२६-२७ चा, आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. "आमचं काय, दोनच दिवस, कुठेही पडू," असा फोन येतो. हे 'कुठेही' म्हणजे आपली मागची खोली. सिडकोतलं रो-हाउस असो की इंदिरानगरचा फ्लॅट, तिथे गणपतीचं मखर, बिघडलेलं शिलाई मशीन, लग्नात आलेले आणि खोक्यातून न निघालेले तीन डिनर सेट आणि द्राक्षांचे दोन क्रेट ठाण मांडून असतात. क्रेट कोणी आणले ते घरात कुणालाच आठवत नाही.

दहा हजारांत ही खोली माणसात आणता येते. रंगाऱ्याची मजुरी त्यात बसत नाही, हात आपलेच. पण लोक सुरुवात शेडकार्डापासून करतात आणि तिथेच फसतात. पाहुणा पावसात येणार आहे. खोली बघायची ती पावसाच्या नजरेने.

भिंत आधी वाचायची. ओल छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्चीवर जा. पन्हाळीचं तोंड पाल्याने बुजलेलं असतं, नाहीतर उतार उलटा झालेला असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर छज्जाची खालची बाजू बघा. तिथे पाणी तोडणारी खाच नसली की थेंब छज्जाच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीपर्यंत चालत येतो. तळमजल्यावर गुडघ्याएवढ्या उंचीचा पट्टा दिसला तर ते पाणी जमिनीतून वर चढलंय. आणि भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर दोष बहुधा फरश्यांच्या सांध्यांचा. या चारही ठिकाणी आतून वॉटरप्रूफ पुट्टी थापणं म्हणजे गळक्या नळाखाली रुमाल बांधणं. पाणी थांबत नाही, हातभर सरकून दुसरीकडे फुटतं.

शंका असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस विसरून जा. थेंब आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला जमले तर भिंत निर्दोष आहे, खोलीतली हवाच कोंदट आहे. तिला खिडकी हवी, रसायन नको. दहा रुपयांच्या प्लास्टिकवर एवढं कळतं, तरी लोक दुकानदाराला मोबाइलमधला फोटो दाखवून निदान मागतात.

भिंतीवर पांढरी, कापसासारखी भुकटी फुटली असेल तर तो लोणा. ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. पुसू नका. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि भिंत वाळली की दुप्पट जोमाने बाहेर येतो. कोरड्या, ताठ ब्रशने झाडायचा, पडलेली भुकटी सुपलीत भरून बाहेर टाकायची. चार-आठ दिवस थांबायचं, पुन्हा फुटला तर पुन्हा झाडायचा. याला दुसरा उपाय नाही, धीरच लागतो. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर काढावं. थंडीची कोरडी हवा आणि पुढचं ऊन मिळून भिंत वाळायला चार-पाच महिने हाताशी राहतात. आषाढात ब्रश हातात घेणाऱ्याला गौरीपर्यंत पोपडे बघायला मिळतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यात खोली असेल तर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट दोन्ही दुकानातच राहू द्या. त्या भिंती चुन्या-मातीच्या. त्या श्वास घेतात, आणि वर रबरासारखा थर चढवला की आतली वाफ तो थर उचलून फेकते. तिथे चुनाच. कळीचा चुना किलोला पाच लिटर पाणी या हिशेबाने लोखंडी पिंपात विरवायचा. पातळ प्लास्टिकची बादली त्या उकळीने वाकते. तोंड पिंपावर नेऊन बघत बसू नका, डोळ्यात उडालेला चुना फार वाईट. एक दिवस मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक आणि किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत नीळ घालायची. नीळ जास्त झाली की खोली दवाखान्यासारखी दिसते. लावताना चुना पाणचट वाटतो आणि माणूस घाबरून घट्ट करतो. तीन पातळ हात द्या, वाळल्यावर त्याचा पांढरेपणा उमलतो.

सिमेंटच्या भिंतीचं गणित वेगळं. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंची: चार भिंती ४०० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ३६०. साधं इमल्शन एका हाताला लिटरमागे शंभर-एकशेदहा फूट जातं, म्हणजे दोन हातांना चार लिटरचे दोन डबे. प्रायमरचा चार लिटरचा एक, छताला दोन लिटर पांढरा. दुकानातून रंग मिसळून घेतलेले दोन्ही डबे एका बादलीत ओतून एकजीव करा. एकाच नंबरच्या दोन डब्यांत किंचित फरक असतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उभा राहतो.

जुना चुना असेल तर रंगाऱ्याच्या लोखंडी पत्रीने खरवडून काढा, नाहीतर नवा रंग चुन्याला धरून चुन्यासकट सुटेल. भेग असेल ती तशीच लिंपू नका. पत्रीच्या कोपऱ्याने तिला आत निमुळती चर पाडा, धूळ झटका, पाणी शिंपडा, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. एका वेळी दीड मिलिमीटरपेक्षा जाड थर दिला की वाळताना आक्रसतो आणि शेजारीच नवी भेग पडते. खिळ्यांची भोकं आणि भेगा एवढंच काम असेल तर पाच किलोची पिशवी पुरते. एकदम सगळी कालवू नका, दोन-तीन तासांत ती दगड होते. आधी छत, मग भिंती, मग दार-खिडकी. फरशीवर पडलेले थेंब त्याच दिवशी निघतात, दुसऱ्या दिवशी नाही.

पलंग नवीन घ्यायची गरज नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेले लाकडी पॅलेट भंगारवाल्यांकडे असतात. १२०० बाय १००० मिलिमीटरचे दोन शेजारी ठेवले की साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद बैठक होते. दोन थरांना चार पॅलेट. उंची अकरा इंच, वर सहा इंची गादी, म्हणजे सतरा. आत्याच्या गुडघ्यांना यापेक्षा खाली बसवू नका, उठवायला दोघं लागतील. घेताना पॅलेटवरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. एमबी असेल तर विषारी धुरी दिलेली, ते घरात नको. घरी आणून खिळे ठोकायचे, कडा पॉलिश पेपरने मारायच्या आणि भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवायचे. गादी माळ्यावर असतेच. ती पिंजून नवी खोळ घातली की झालं.

पडद्याला मालेगावचा सुती कपडा. चार फुटी खिडकीला अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे दोन पडदे, दोन्हीला मिळून साडेतीन मीटर. शिवण्याआधी रात्रभर भिजत टाका. खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटून घेतं. नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा खिडकीच्या वर जातो. दिवा वीस वॉटची एक एलईडी ट्यूब आणि उशाशी एक पिवळा बल्ब, बस.

राहिली एक दोरी. रामकुंडावरून आत्या ओली नऊवार घेऊन येणार, आणि पाऊस असल्यामुळे ती खोलीतच वाळत घालायला जागा शोधणार. सत्तावीस फूट ओलं लुगडं बंद खोलीत वाळलं की चार महिन्यांची मेहनत भिंतीवर पुन्हा थेंबाथेंबाने दिसू लागते. म्हणून गॅलरीत, छपराखाली, भिंतीत दोन प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून हूक बसवा आणि नऊ फूट दोरी ताणा. तिपदरी घातलं की लुगडं बरोबर मावतं.