चिंगीच्या घशात केस नव्हतेच

रात्री अडीचच्या सुमाराला तो आवाज यायचा. खक्-खक्-खक्, मग थोडी घरघर, मग काहीतरी गिळल्यासारखं आणि शांत. मी दिवा लावेपर्यंत माझी मांजर चिंगी परत अंगाचं मुटकुळं करून पडलेली असायची. "केस अडकलेत हिच्या घशात," आई म्हणायची, आणि मलाही ते पटायचं. हेअरबॉलची, म्हणजे पोटातल्या केसांच्या गोळ्यांवरची पेस्ट आणली, रोज विंचरायला लागले, खाणं बदललं. असे 7 महिने गेले.

त्या 7 महिन्यांत केसांचा गोळा एकदाच पडला. करंगळीएवढा लांबट, ओला, दाबून वळल्यासारखा. बाकी प्रत्येक वेळी फरशी कोरडी. कधीतरी थोडा फेस, बस्स. समोर दिसत असूनही मी त्याचा अर्थ लावला नाही, हे अजून मनाला लागतं.

दवाखान्यात नेलं की ती खोकायचीच नाही. पहिल्या ठिकाणी माझं ऐकून पेस्टच चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टर मात्र म्हणाल्या, "उबळ आली की जवळ जाऊ नका, उचलू नका. फक्त व्हिडिओ काढा." चार रात्री फोन उशाशी ठेवून झोपले, तेव्हा कुठे 40 सेकंदांचा व्हिडिओ मिळाला.

त्यांनी तो दोनदा पाहिला आणि मला म्हणाल्या, "हिचं पोट बघा." उलटी होताना मांजराचं पोट भात्यासारखं जोरजोरात आत-बाहेर होतं, तोंडाला लाळ सुटते आणि बहुतेक वेळा शेवटी काहीतरी बाहेर पडतं. चिंगी जमिनीला चिकटून बसली होती, कोपरं बाहेर, मान पुढे ताणलेली, आणि धक्के बसत होते ते छातीतून. तो खोकला होता. वर आलेला कफ ती गिळून टाकत होती, म्हणून मला फरशीवर काही सापडत नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. चाटताना सुटलेले केस त्यांत अडकून पोटात जातात. बहुतेक शीवाटे निघून जातात, उरलेल्यांचा गोळा होतो तो जठरात. खोकला येतो श्वासमार्गातून. दोन्ही वाटा वेगळ्या. आठवड्यांमागून आठवडे खोकणाऱ्या मांजराला केसांवरची पेस्ट देऊन उपयोग नाही.

एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या सुजलेल्या भिंती बारीक कड्यांसारख्या दिसत होत्या. (एक्स-रे स्वच्छ आला तरी दमा नाही असं होत नाही, हेही तेव्हाच कळलं.) फुप्फुसातल्या जंतांमुळे अगदी असाच खोकला येतो म्हणून शी तपासली, हार्टवर्मसाठी, म्हणजे हृदयातल्या जंतांसाठी, रक्त तपासलं. दोन्हींत काही निघालं नाही. निदान झालं दम्याचं.

सुरुवातीला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. पण तोंडावाटे स्टेरॉइड फार दिवस चाललं तर मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून पुढे फ्लुटिकासोन या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा इन्हेलर, मांजराच्या मास्कचा स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी नळी) लावून. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवून त्या हळूहळू कमी करायच्या. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

खरी कसोटी मास्कची. पहिले पाच दिवस तो नुसता तिच्या ताटलीशेजारी पडून होता. मग कडेला तिचा आवडता खाऊ लावला, तिने चाटला. मग एक सेकंद नाक आत, लगेच शाबासकी. फुस्स आवाजाला ती दचकते हे लक्षात आल्यावर आधी लांब कोपऱ्यात दाबून तो ऐकवला. सतराव्या दिवशी ती माझ्या मांडीत मास्क लावून स्वस्थ बसली. स्पेसरवरची छोटी पट्टी प्रत्येक श्वासाला हलते, ती बघत मी 10 श्वास मोजले. मोजताना माझेच डोळे भरून आले.

तिच्या शी-शूच्या ट्रेमधलं धुरळा उडणारं लिटर बदललं. सुगंधी स्प्रे आणि कसलाही धूर घरातून हद्दपार केला.

रोज रात्री ती गाढ झोपली की मिनिटभर श्वास मोजते. झोपेत ते 30 च्या आत हवेत. आधी 38 असायचे, आता 22-24 भरतात. तोंड उघडून धाप लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर मोजत बसायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. आणि कळकळीने सांगते, माणसांचं खोकल्याचं औषध देऊ नका. त्यात पॅरासिटामॉल असू शकतं, आणि त्याने मांजराचा जीव जाऊ शकतो. केस सुटावेत म्हणून तोंडात तेलही ओतू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. मांजर सारखी उमासे काढतेय, खात नाही, शी होत नाही, अशा वेळी केसांनी आतडं तुंबलेलं असू शकतं. तिथेही थांबायचं नाही.

मागच्या रविवारी सकाळी चिंगी खोलीच्या मध्ये उभी राहिली. पोट भात्यासारखं हलायला लागलं, लाळ गळली, आणि गोळा पडला. तोच करंगळीएवढा, ओला. ती बाजूला होऊन पंजा चाटायला लागली. मी तो कागदात उचलला, फोडून बघितला. नुसते केस.