जावईबापूंचा हात

गुरुवार, रात्री अकरा

काल अमळनेरला एका साखरपुड्यात माझा जादूचा खेळ होता. पेल्यांचा खेळ ऐन रंगात आला असताना घरच्या मोठ्या जावयांनी हात घातला आणि मधला पेला उचलला. आज दिवसभर दुकानात एक पाणबुडी मोटर भरत होतो, तारेचे वेढे मोजताना दोनदा आकडा चुकला. रात्री लिहून काढतो, म्हणजे उद्या तरी हात कामावर राहील.

आखाजीला आलेल्या लेकी अजून माहेरीच होत्या, त्यामुळे घर भरलेलं. अंगणात मांडव, ओट्यावर सतरंज्या. यजमान आधीच म्हणाले होते, स्टेजबिज काही नको, पंगतीआधी पाहुण्यांत बसूनच तासभर काहीतरी करा. मला असाच खेळ आवडतो. वैशाखात हात घामेजतात, पत्ते बोटांना चिकटतात, म्हणून कॅट फारसा बाहेर काढला नाही. पितळी पेले आणि सुती गोळे घेऊन बसलो. गोळे पेल्यांखालून नाहीसे होतात, परत येतात आणि शेवटी मधल्या पेल्याखालून लिंबू निघतं, असा हा खेळ. गोळे आईने क्रोशाने विणलेले, पांढऱ्या सुताचे, बोराएवढे.

जावई सुरतेला कापड बाजारात असतात. माणूस उमदा, बोलका. पहिल्यापासून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. पहिला गोळा नाहीसा झाला तेव्हा त्यांनी माझी मूठच धरली. मी हसून मूठ उघडून दाखवली. थोड्या वेळाने त्यांनी कडेचा पेला उलटा करून पाहिला. मी पुन्हा हसलो. आणि शेवटाला जेमतेम अर्धा मिनिट उरला असताना, ‘थांब भो, आते मी दखस!’ म्हणत त्यांनी मधला पेला उचलला. लिंबू घरंगळत सतरंजीवरून थेट नव्या व्याह्यांच्या पायाशी जाऊन थांबलं.

‘लिंबू पडना रे!’ पोरांनी एकच गिल्ला केला. मी पेला जावयांच्या हातातून हिसकावून घेतला आणि म्हणालो, ‘हात लावायचं काम नाही.’

आवाज चढलेला होता. भर मांडवात, सासरवाडीत, नव्या सोयऱ्यांसमोर. आमच्या खान्देशात जावयाशी असं कुणी बोलत नाही. रोजच्या ओळखीतलाही नाही, आणि मी तर खेळ करायला आलेला माणूस. सासऱ्यांचा चेहरा उतरला. जावई काही बोलले नाहीत. पेला धरलेला हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला, मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तो हात पुसला. हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

तो रुमाल डोळ्यांपुढून हलत नाही.

गाडीत बसल्यावर धरणगाव येईपर्यंत मी मनात त्यांनाच दोष देत होतो. दुसऱ्याच्या कामात हात घालू नये एवढं कळायला नको का? माझ्या दुकानात उघडी मोटर बाकावर असते, तिच्यात कुणी गिऱ्हाईक बोट घालत नाही. मग पेल्यांतच का? जळगाव जवळ आलं तसं ध्यानात यायला लागलं. चूक तिसऱ्या वेळची नव्हती, पहिल्या वेळची होती. त्यांनी मूठ धरली आणि मी ती उघडली. म्हणजे माझ्या हातांनीच त्यांना सांगितलं की इथे हात घातला की दाखवलं जातं. दुसऱ्या वेळी हसून तोच करार पक्का केला. तिसऱ्या वेळी ते फक्त ठरल्याप्रमाणे वागले आणि मी एकट्याने करार मोडला.

स्टेजवरच्या जादूगाराला ही अडचण नसते. पी. सी. सरकार यांच्यासारख्यांचे खेळ पडदा, दिवे, वाद्यं अशा सगळ्या लवाजम्यानिशी व्हायचे. प्रेक्षक खुर्चीत, जादूगार वर, मधे अंधार. माझ्या आणि बघणाऱ्याच्या मधे फूट-दीड फूट. एवढ्या जवळ बसून माणसाला म्हणायचं, बघ पण शिवू नको! घरात आलेल्याला पाण्याचा तांब्या दाखवायचा आणि पाणी द्यायचं नाही, तसं आहे ते.

रस्त्यावरच्या मदाऱ्याला तर स्टेजही नाही आणि सतरंजीही नाही. चारी बाजूंनी माणसं, मागे पाठराखण नाही. लहानपणी आठवडी बाजारात मी तासन् तास उभा राहायचो. डमरू वाजला की गर्दी पुढे सरकायची आणि तो ओरडायचा, ‘बच्चे लोग, ताली बजाओ!’ तेव्हा वाटायचं, कौतुक मागतोय. स्वतः खेळ करायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी उलगडलं की टाळी वाजवणारा हात कशावरही झडप घालू शकत नाही. नाजूक जागा आली की तो टाळी मागायचा. गर्दीतले पन्नास हात एका वाक्यात कामाला लावायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाला दटावणं नाही. माझ्या मते आपल्याकडच्या हातचलाखीतलं हे सगळ्यांत शहाणं वाक्य आहे, आणि ते म्हणणाऱ्याला आपण भिकारी समजून दोन रुपये टाकत आलो.

मी माझ्या परीने तेच करायला शिकलो होतो. काल विसरलो.

रिकामा हात भटकतो. म्हणून खेळ सुरू होतानाच त्या हाताला काहीतरी द्यायचं. सगळ्यांत उतावळा कोण, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. पुढे झुकलेला, मांडीवर बोटं वाजवणारा, शेजाऱ्याच्या कानात ‘मला माहितीये’ म्हणणारा. त्याला आपला माणूस करायचं. दहाचं नाणं त्याच्या मुठीत द्यायचं आणि सांगायचं, कुणी मागितलं तरी देऊ नका, मी मागितलं तरी नको. मग तोच राखणदार होतो. दुसरा कुणी हात पुढे करू लागला तर हाच त्याला अडवतो. नोट, अंगठी, किल्ली त्याच्याकडूनच मागून घ्यायची. स्वतःची पाचशेची नोट खेळात असली की माणूस फार जपून वागतो.

पत्त्यावर सही घेण्यातही मला हीच गोष्ट मोलाची वाटते. 1922 साली शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी हुदिनी या नामवंत जादूगाराला एक खेळ दाखवला होता. पत्ता मधे सरकवायचा आणि तो वर यायचा. हुदिनीचा दावा असा की कोणताही खेळ तीनदा बघितला की मला उमगतो. सात वेळा बघितला, उमगला नाही. त्या पत्त्यावर हुदिनीची स्वतःची आद्याक्षरं होती. गोष्ट सांगणारे हुदिनी कसा फसला यावर भर देतात. मला त्यातली अक्षरं महत्त्वाची वाटतात. पत्ता त्याचा होता. चोपड्याकडच्या एका लग्नात मी एका शेतकऱ्याला सही करा म्हणालो, त्यांनी बदामाच्या सत्तीवर कपाशीचं बोंड काढलं. पुढचा सगळा वेळ ते दुसऱ्यांना ‘हात नका लावू, माझं बोंड आहे’ असं सांगत होते. तो पत्ता खेळ संपल्यावर त्यांनाच दिला.

आणि इतकं करूनही हात आलाच, तर आपला हात मागे घ्यायचा नाही. मागे घेतला की चोरी पकडल्यासारखं दिसतं, आणि नसलेली शंकाही सगळ्यांना येते. वस्तू साफ असेल तर सरळ द्यावी, बघू द्यावी, वेळ जाऊ द्यावा. साफ नसेल तर त्याच्याकडे बघून, त्याला हाक मारून काहीतरी विचारावं. दाजी, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली? माणूस बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो, हात आपोआप थांबतो. तेवढ्यात दुसरं काहीतरी त्याच्या तळव्यावर ठेवावं. बायकांच्या बाबतीत मी कधीच हात धरून थांबवत नाही. त्यांना वस्तू स्वतःच्या तळहातावर किंवा बशीत ठेवायला सांगतो. तेवढं अंतर राखलं की त्याही मोकळेपणाने खेळतात.

दोन ठिकाणी मात्र मी गोड बोलत नाही आणि बोलणारही नाही. एकदा भुसावळला वाढदिवसाच्या कार्यक्रमात दीड-दोन वर्षांच्या बाळाने खाली पडलेला स्पंजचा गोळा उचलून तोंडात घातला. आईचं लक्ष दुसरीकडे. मी खेळ तिथल्या तिथे टाकला आणि बोट घालून गोळा काढला. बाळ रडलं, पार्टी थांबली, कुणी नाराजही झालं असेल. त्या दिवसापासून रांगती-दुडकी पोरं जवळ असली की बारीक वस्तू पिशवीतून बाहेर निघत नाही. मोठ्या मुलांना सतरंजीच्या काठामागे बसवतो आणि काठ म्हणजे काठ. दुसरी जागा म्हणजे पिऊन आलेला माणूस. त्याला खेळ नको असतो, समोरचा पडलेला हवा असतो. तिथे पेले रुमालात बांधायचे, यजमानांना नमस्कार करायचा आणि उठायचं. बिदागी अर्धी मिळाली तरी चालेल.

जावई या दोन्हींत बसत नव्हते. त्यांना मला पाडायचं नव्हतं. खेळात यायचं होतं, आणि यायची वाट मी ठेवली नव्हती.

काल आणखी एक झालं. खेळ आटोपता घेतला, पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आमरस. मला घास उतरत नव्हता. उठून सामान आवरत होतो तर ओट्याच्या कोपऱ्यातून यजमानांच्या आईने हाक मारली, ‘आठे ये भाऊ.’ ऐंशीच्या पुढच्या असतील. मोतीबिंदूने बुबुळांवर साय धरलेली. म्हणाल्या, ‘माले दिसत नही आते. हातमा दे.’ म्हणजे तासभर सगळे हसत-ओरडत होते आणि त्यांना कशाला ते कळतच नव्हतं. मी एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला, दाबला, सोडला, विणीतून निघालेला एक तंतू नखाने धरून किंचित ओढला, तो किती ताणतो ते बघितलं. कापूस वेचण्यात जन्म गेलेली बोटं. मग म्हणाल्या, ‘हाई सूत शे ना?’

मी हो म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. गोळा कुठे जातो, लिंबू कुठून येतं, काहीच नाही. गोळा फिरवत बसल्या. गाडीची वेळ झाली तेव्हा बघितलं तर तो त्यांनी चंचीत टाकला होता आणि वरून गाठ मारली होती. मी मागितला नाही. इतकी वर्षं खेळ करतोय, माझी वस्तू इतक्या निगुतीने कुणी हाताळल्याचं आठवत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका या तत्त्वज्ञाने एका पत्रात पेल्या-खड्यांच्या याच खेळाविषयी लिहून ठेवलंय. हे फसणं निरुपद्रवी आहे, आणि मला फसण्यातच आनंद आहे; कसं होतं ते कळलं की गंमत संपली. मला हे वाक्य नेहमी पटत आलं. काल पहिल्यांदा वाटलं की सेनेकाला दिसत होतं. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी हाताळणं हाच खेळ आहे.

दुपारी यजमानांना फोन केला. म्हणालो, माझा शब्द चढला, चुकलं. ते म्हणाले, होतं हो, मनावर घेऊ नका. पण ‘हो’ जरा लांबलं. जावयांशी बोलायचं होतं, ते सकाळच्या गाडीने सुरतेला गेले. नंबर घेतलाय. ते पेढीवर असताना नको, उद्या रात्री लावीन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. एवढंच ठरलंय की पेल्याचा विषय मी काढणार, त्यांना काढायला लावणार नाही.

जेवणं झाल्यावर पोरीला समोर बसवलं. आठवीत आहे, हाताने चपळ. तिला सांगितलं, तुला वाटेल तेव्हा ओढ, दयामाया करू नको. सात-आठ वेळा ओढलंच. प्रत्येक वेळी मला हात मागे घ्यावासा वाटला, दोनदा घेतलाही. मग खेळाचा शेवट बदलून बघितला. शेवटचा पेला यापुढे मी उचलणार नाही. सगळ्यांत उतावळा जो असेल त्याचा तळवा खेळाच्या मध्यावरच त्या पेल्यावर ठेवायचा, दाबून धरा म्हणायचं, आणि शेवटी उचलायचा मान त्यालाच द्यायचा. काल असं केलं असतं तर लिंबू जावईबापूंनी काढलं असतं आणि टाळी त्यांना मिळाली असती.

यात माझं काम जास्त अवघड होतं. पेल्यावर परका हात असताना बाकीचं सगळं त्याच्या आधी व्हायला हवं, म्हणजे आत्तापर्यंतची निम्मी सवय मोडावी लागणार. महिना तरी जाईल. पोरीने तळवा ठेवला, मी दोन गोळ्यांवरच कसंबसं पूर्ण केलं, तिला म्हणालो, उचल. खाली लिंबू असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी बघून किंचाळली. आई आतून विचारते, काय झालं?

तिसरा गोळा विणायला आईने सूत काढून ठेवलंय, पण क्रोशाची सुई सापडत नाहीये. उद्या दुकान उघडायच्या आधी फुले मार्केटमधून आणायची आहे.