ओठांवाचून रामायण

प, फ, ब, भ, म. ही पाच अक्षरं उच्चारायला दोन्ही ओठ टेकावे लागतात. खालच्या ओठाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ओठ पुरते मिटेनासे झाले, की बोलण्यातून आधी हीच जातात. मी स्पीच थेरपिस्ट आहे, असे रुग्ण नेहमीचे. त्या दिवशी मात्र समोर एक कीर्तनकार बसले होते. राम, पांडुरंग, विठोबा; जन्म ज्या नावांवर गेला त्यातलं एकही धड निघेना.

मी सरावाची यादी काढली: पापड, बाबा, मामा. बुवांनी दोन-चार शब्द म्हणून पाहिले आणि हातानंच मला थांबवलं. पिशवीतून जुनं पुस्तक काढलं, पाटीवर लिहिलं, ‘मोरोपंत. निरोष्ठ रामायण.’ आणि त्यातल्या आर्या (आर्या वृत्तातले श्लोक) चालीवर म्हणू लागले.

एक अक्षर अडलं नाही!

बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणं रचली, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. त्यातल्या या एकात ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायची, अक्षरंच वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही. लक्ष्मण, भरत, बिभीषण, कुंभकर्ण कुणाचंच नाव घेता येत नाही. सीता चालते, दशरथ चालतो.

बुवांनी पाटीवर आणखी लिहिलं. संस्कृतात दंडी या लेखकानं हे कितीतरी आधी केलंय. ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, मंत्रगुप्त हा कुमार आपली हकीकत सांगतो, पण प्रियेनं ओठ दुखावलेत म्हणून एकही ओष्ठ्य वर्ण उच्चारत नाही. कवी भारवीनं ‘किरातार्जुनीया’त जवळजवळ एकट्या ‘न’वर श्लोक रचलाय, त्याची कमाल वाटतेच. तरी मला दंडी अधिक भावला. दुखऱ्या ओठाचा माणूस खरोखर हीच अक्षरं चुकवतो, मी रोज पाहते.

आमच्याकडेही अक्षरं गाळून केलेले उतारे असतात. इंग्रजीतल्या ‘झू पॅसेज’मध्ये एकही अनुनासिक (न, मसारखं नाकातून उच्चारायचं) व्यंजन नाही; तो वाचताना आवाज नाकात गेला, तर टाळू तपासायचा. बुवांच्या आर्यांनी माझं तसंच काम केलं. जीभ, टाळू, श्वास सगळं उत्तम होतं, अडत होतं ते फक्त ओठांशी.

मग सरावाचा क्रमच बदलला. आधी आर्या, ‘पापड’ नंतर. रामासाठी बुवांनी ‘जानकीनाथ’ निवडलं, विठोबासाठी ‘हरी’. घरात लागणारी वाक्यं मी लिहून दिली: ‘चहा घेतला का?’, ‘आज अंगात ताकद नाही’, ‘जेवायला द्या’. शेवटचं त्यांनी खोडलं आणि ‘व’खाली रेघ ओढली. बरोबरच होतं, ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांकडे न्यावा लागतो. त्याजागी त्यांनी लिहिलं, ‘ताट आणा’.