फोकलेली बातमी

ब्रॉडकास्ट हा शब्द मुळात शेतातला. इंग्रज शेतकरी मुठीत बी घ्यायचा आणि चालता चालता हात लांबवर फिरवून रानात उधळायचा, त्याला ब्रॉडकास्ट म्हणायचे. 1920 च्या आसपास रेडिओ आला, आवाजही असाच मोकळ्या हवेत उधळला जायला लागला, आणि रेडिओवाल्यांनी शेतकऱ्याचा शब्द उचलून नेला. आमच्याकडं ह्याला फोकणं म्हणतात. मेथी, कोथिंबीर फोकायची. शाळू मात्र कुरीनं, म्हणजे पाभरीनं, तासात, सरळ ओळीत. फोकलेलं बी कुठं दाट पडतं, कुठं विरळ, थोडं बांधावर जातं, थोडं चिमण्या खातात. कुठं काय पडलं ते उगवून आल्यावरच कळतं.

(ह्या क्रियापदाच्या भूतकाळावरून इंग्रजीत भांडण आहे. ‘कास्ट’चं रूप भूतकाळात बदलत नाही, मग ‘ब्रॉडकास्टेड’ कशाला, असं जुन्या वळणाच्या मास्तरांचं म्हणणं. शब्दकोशांना दोन्ही चालतात. मराठीनं पुढं ‘केलं’ लावून भांडणच मिटवलं.)

सांगलीच्या माणसाला फोकलेली बातमी आणि तासात पेरलेली बातमी ह्यातला फरक दर पावसाळ्यात कळतो. जुलै सरता सरता गावाचा नमस्कारच बदलतो. ‘कसं काय’ मागं पडतं, ‘आयर्विनला किती?’ सुरू होतं. 1929 साली झालेला कृष्णेवरचा हा पूल आमची फूटपट्टी. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 च्याही वर गेलं होतं, त्यामुळं आता 30 ऐकलं तरी बायका माळ्याकडं बघायला लागतात.

मग भोंग्याची गाडी फिरते. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ मजकूर अगदी बरोबर असतो. पण आपण राहतो तो भाग सखल आहे असं कुणाला कधी वाटतं? सखल म्हणजे पलीकडची गल्ली. गाडी कोपऱ्यावर वळते, शेवटचं वाक्य पावसात विरतं, आणि लोक चहा पुढं ओततात.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. ‘वहिनी, सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरलंय. तुमचा फ्रिज विटांवर चढवा, सिलिंडर वर न्या, आणि गाडी आत्ताच्या आत्ता विश्रामबागला लावून या.’ ह्यात आकडा नाही, इशारा पातळी नाही. फ्रिज मात्र तुमचा आहे. पाच मिनिटांत घर हलायला लागतं.

मधल्या वाटेवर जे होतं ते आणखी मजेशीर. वर कोयनेला सहा वक्र दरवाजे. बातमी निघते ती अशी : ‘सहा दरवाजे दीड फूट उचलले.’ कराड ओलांडेस्तोवर त्यातला ‘दीड फूट’ गळतो आणि सांगलीत पोचतात ते नुसते ‘सहाही दरवाजे उघडले!’ खोटं कुणीच बोललेलं नसतं, फक्त ओझं हलकं केलेलं असतं. आणि पायथ्याच्या वीजगृहातून निमूट सुटणाऱ्या पाण्याबद्दल तर कुणी विचारतही नाही, त्याला दरवाजा नाही ना.

हे जुनंच आहे म्हणा. 1943 च्या सुमारास ह्याच सातारा-सांगलीच्या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगाव तोंडातोंडी फिरता फिरता त्याचं ‘पत्री सरकार’ झालं, आणि पायाला बैलाच्या नालेसारखी पत्री ठोकतात ही दहशत त्या नावालाच चिकटली. गावगुंड आणि खबरे ‘प्रति’ला कितपत भ्याले असते कोण जाणे, ‘पत्री’ला मात्र भ्याले. वाटेत बदललेला शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त कामाला आला, असंही होतं कधी कधी.

व्हॉट्सॲपनं ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ काढली तेव्हा मला वाटलं, आता फोकणं सुधारलं. एकदम 256 जणांना निरोप, शिवाय प्रत्येकाला तो एकट्यालाच आल्यासारखा. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो! ओळख ठेवली असेल तरच बी रुजणार. ही अट घालणाऱ्याला गल्ली कळत असावी.

आमच्या शेजारच्या आजींना ह्यातलं काही चालत नाही. भोंगा ऐकून त्या नातवाला म्हणतात, ‘त्यो काय म्हंतोय ते ऱ्हाऊ दे. तू घाटावर जा आणि पाणी कुठल्या पायरीला हाय तेवढं बघून ये. आणि येताना दूध घेऊन ये, उद्या मिळायचं न्हाई.’