वरचा आकडा आणि खालचा आकडा

गेल्या हिवाळ्यात आईला गुडघ्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात नेले असता तिचा रक्तदाब १६२/७८ भरला. दोन जिने चढून आल्याबरोबर, स्वेटरच्या बाहीवरच पट्टा बांधून आणि तिच्याशी बोलत बोलत तो मोजला गेला होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर गोळी सुरू न करता, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगितले.

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या वेळी धमन्यांत निर्माण होणारा सर्वाधिक दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडून पुन्हा भरत असताना उरणारा कमीत कमी दाब म्हणजे खालचा. १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने हे दोन्ही आकडे कानाने ओळखण्याची रीत सांगितली. दंडावरचा पट्टा फुगवून धमनी पूर्ण दाबली की स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा दाब, आणि ठोके विरून जातात तो खालचा. घरगुती मशीन ठोके ऐकत नाही, पट्ट्यातील हवेची स्पंदने टिपते.

मोजण्याची शिस्त आम्हाला नव्याने शिकावी लागली. पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. अर्धा तास आधी चहा नाही, लघवी तुंबवून बसायचे नाही, आणि मोजताना अजिबात बोलायचे नाही. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबकळत राहिला तरी आकडा सात-आठने चढतो. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तरीही आकडा फुगलेलाच दिसतो.

आठवड्याची सरासरी १४२/७६ निघाली. दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा ती पुष्कळ कमी होती, पण घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात, त्यामुळे वरचा दाब वाढलेलाच होता. "खालचा नॉर्मल आहे ना, मग कशाला चिंता?" असे मावशी म्हणाली. हा समज मला फार घातक वाटतो. वयाबरोबर मोठ्या धमन्या ताठर होतात, त्यामुळे वरचा दाब चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. पक्षाघाताचा धोका मात्र त्याने टळत नाही.

आता आईची गोळी सुरू आहे, आणि लोणचे-पापड रोजच्या पानातून गेले आहेत. वहीत मी एक तिसरा रकाना आखला आहे, उभे राहिल्यानंतरच्या दाबाचा. कारण उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला, तर तिला भोवळ येऊन ती पडू शकते, आणि तसे दिसताच डॉक्टरांना कळवायचे ठरले आहे.