ही सही कधी ‘नाही’ म्हणाली आहे का?

कंपनीत बिलं पास करण्याची प्रोसेस सुधारायला बोलावलं, की लोक आधी माझ्यापुढे फ्लोचार्ट ठेवतात. रंगीत चौकोन, बाण, सगळं सुबक. मी तो बाजूला ठेवते आणि व्हेंडरचं, म्हणजे माल पुरवणाऱ्याचं, एक चालू बिल मागते. मग त्या बिलाच्या मागून चालते. स्टोअर, परचेस, अकाउंट्स, रेटमध्ये किरकोळ फरक निघाला म्हणून पुन्हा परचेस, साहेबांची सही, परत अकाउंट्स. प्रत्येक टेबलावर दोनच गोष्टी विचारते: हे तुमच्याकडे आलं कधी, आणि तुम्ही हातात घेतलं कधी?

सगळी गोम या दोन तारखांच्या मध्ये असते. बिलावर प्रत्यक्ष काम होतं काही मिनिटांचं. उरलेला वेळ ते ट्रेमध्ये नाहीतर कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून असतं. पण मीटिंगमध्ये चर्चा चालते ती त्या मिनिटांचीच. एंट्री भराभर कशा मारायच्या, फॉर्ममधले रकाने कसे कमी करायचे वगैरे.

पडून राहण्याचा हिशोब करायला स्टॉपवॉच लागत नाही. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये एका साध्या सूत्राची गणिती सिद्धता दिली. रांगेत सरासरी जितकी कामं अडकलेली असतात, त्यांना रोज येणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. रोज १० बिलं येतात आणि २०० तुंबली आहेत? आवक आणि निकाल साधारण सारखे चालू असतील, तर एका बिलाला सरासरी २० दिवस. ‘आमच्याकडे चार दिवसांत पेमेंट होतं’ म्हणणाऱ्या माणसासमोर मी हा भागाकार करते. वाद तिथेच थांबतो.

मग येतात सह्या. प्रत्येक सहीला एक जन्मकथा असते. कधीतरी एक बिल दोनदा पास झालं, कुणीतरी भडकलं, ‘यापुढे प्रत्येक बिल माझ्याकडून जाईल’ असं फर्मान निघालं. पुढे ते साहेब निवृत्त झाले, सही मात्र खुर्चीला चिकटून राहिली. मी विचारते, गेल्या वर्षभरात या सहीने किती बिलं परत पाठवली? बहुतेकदा उत्तर मिळत नाही. वरचा वाचत नाही, कारण खाली तिघांनी बघितलंय. खालचा वाचत नाही, कारण वर अजून दोघे बघणार आहेत. पाच सह्यांचा कागद मला एका सहीच्या कागदापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

सही काढायला गेलं की रुसवेफुगवे होतात, हे धरूनच चालायचं. ‘मग मला कळणार कसं?’ हा ठरलेला प्रश्न, आणि तो रास्तही आहे. पण कळणं वेगळं आणि अडवणं वेगळं. कळायला आठवड्याची यादी पुरते, त्यासाठी बिल टेबलावर थांबवून ठेवायला नको.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० च्या एका लेखात सांगितलेलं फोर्डचं उदाहरण या क्षेत्रात सगळेच देतात, आणि माझ्या मते बरेचजण अर्धंच सांगतात. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या व्हेंडरची बिलं भागवणाऱ्या विभागात ५०० च्या वर माणसं होती. कॉम्प्युटर लावून त्यात २० टक्के कपात करायचा बेत होता. तेवढ्यात कळलं की माझदा या जपानी कार कंपनीकडे याच कामाला फक्त ५ जण आहेत. माझदा लहान कंपनी, मान्य. पण तो फरक धरूनही आकडे जुळेनात. मग फोर्डने इनव्हॉइसच, म्हणजे व्हेंडरचं बिलच, काढून टाकलं. माल आला की उतरवतानाच तो डेटाबेसमधल्या ऑर्डरशी ताडून बघायचा, जुळला तर घ्यायचा आणि पैसे सोडायचे, नाही जुळला तर परत. आधी १४ बाबी जुळवाव्या लागत, नंतर ३. माणसं ७५ टक्क्यांनी कमी लागली. डेटाबेस हवाच होता, पण जुनंच काम कॉम्प्युटरवर चढवलं असतं तर मजल २० टक्क्यांपर्यंतच होती. (कर-कायद्यासाठी इनव्हॉइस लागत असेल तर राहू द्या, पेमेंट त्याच्यावर अडवायचं का, हा प्रश्न तरीही उरतो.)

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पायरी काढता येते का ते बघायचं, मग दुसरीत मिसळता येते का, मग मागेपुढे करता येते का. सोपी करायची ती शेवटी, आणि सॉफ्टवेअर त्याहूनही नंतर.

एवढं करूनही वर्षभरात येरे माझ्या मागल्या होतंच. एक गडबड झाली की एक नवी तपासणी येते. त्यावर मी एक नियम घालून घेते: नवी तपासणी आली की तिच्यासोबत कारण आणि संपण्याची तारीख लिहायची. तारीख उलटली आणि ती चालू ठेवा असं कुणी कारणासकट मागितलं नाही, तर ती बंद. ही यादी रोज बिलं हाताळणाऱ्यांनी चालवायची, मॅनेजरने नाही. कुठलं रजिस्टर कुणी उघडत नाही हे त्यांनाच ठाऊक असतं.

ऑडिटवाले यावर कुरकुरतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी मी या नियमातून कायम बाहेर ठेवते. व्हेंडरचा बँक खाते क्रमांक बदलायला दोन माणसं, आणि ऑर्डर देणारा व पैसे सोडणारा एकच नको. तिथे कुणी ‘मॅडम, हीपण सही काढू या का’ म्हणालं, तर मी सरळ नाही म्हणते.