फियाटच्या फ्लोअरचा गंज काढताना

आमची प्रीमियर पद्मिनी 1982 ची. कागदोपत्री पद्मिनी, घरात मात्र कायम फियाटच. आधी मामांनी वापरली, मग माझ्याकडे आली. मामांचं घर सराफ बाजाराच्या मागच्या बाजूला. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा गाडी गल्लीतच उभी होती. नाशिकात पूर मोजायचा तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, कमरेला लागलं की छातीला, असं विचारत. आमच्या फियाटचं माप सीटच्या गादीपर्यंत गेलं. पुढे ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, सीटा गच्चीत उन्हात टाकल्या. एका गॅरेजवाल्याने खालून जाडजूड काळं अंडरकोटिंग मारून दिलं आणि गाडी पुन्हा धावायला लागली.

गाडी माझ्याकडे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात डाव्या बाजूच्या पायाखाली ओल जाणवू लागली. मॅट उचलली की बुरशीचा वास. त्यात पंक्चर काढताना जॅक लावला, तर चाक उचलायच्या आधी पत्राच कुरकुरत आत गेला. तिथे विषय गंभीर झाला, कारण फियाटला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. फ्लोअर, दाराखालचे सिल आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा. फ्लोअर गेला म्हणजे नुसतं भोक पडलं असं नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो.

दोन-तीन ठिकाणी दाखवलं. एकाने खालून पत्रा ठोकून वर फायबर मारायचा सल्ला दिला, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा म्हणाला. शेवटी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, "दादा, आधी आतलं सगळं काढून आणा. मग भाव सांगतो." हे मला पटलं. न उघडता भाव सांगणारा माणूस गंज झाकणार, हे उघड आहे.

सीटा, मॅट आणि खालचा फेल्ट मी घरीच काढला. फेल्ट हा खरा गुन्हेगार. वरून कोरडा लागतो, खालून पिळला की पाणी. त्याच्या खाली कंपनीने चिकटवलेला डांबरी थर असतो, आवाज कमी करायला. तो उन्हाळ्यात काढायला गेलात तर हात, पाना, कपडे सगळं काळं होतं. मी डिसेंबरात काढला. नाशिकची पहाटेची थंडी या कामाला फार सोयीची. डांबर कडक झालेलं असतं, हातोडीचा हलका ठोका दिला की तडकून खपल्या निघतात. उरलंसुरलं रॉकेलच्या बोळ्याने पुसलं.

मग तपासणी. त्याला मशीन लागत नाही. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द करतो. जिथे आवाज बसतो तिथे जुना स्क्रूड्रायव्हर दाबायचा. आरपार गेला तर खडूने गोल करायचा, आणि गोलाच्या बाहेर चार बोटं सोडून दुसरा, कारण गंज दिसतो त्यापेक्षा आत जास्त पसरलेला असतो. चुंबकही फिरवला. ड्रायव्हरच्या बाजूला तो एका जागी चिकटेना. खरवडल्यावर खाली फायबर आणि लांबी (पुट्टी) निघाली, वरून झकास रंग. कुणीतरी आधीच हात मारून गेलं होतं.

ते काळं अंडरकोटिंगही ओलसर, गंजलेल्या पत्र्यावरच मारलेलं होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे तो थराला आतून उचलतो. मग त्या फटीत पाणी शिरतं आणि वरच्या थरामुळे वाळतही नाही. बोटाने खेचलं तर अख्खी चादर निघून आली आणि तिच्या आतल्या अंगाला पत्र्याचे पापुद्रे चिकटलेले. खालून बघणाऱ्याला मात्र गाडी कशी ठणठणीत वाटायची!

कापाकापीच्या आधी मिस्त्रींनी एक गोष्ट करायला लावली, त्याबद्दल त्यांना मानलं. दारं बंद करून वरून पाइपने पाणी सोडायचं आणि मी आत टॉर्च घेऊन आडवा. पुढच्या काचेच्या रबराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक धार डॅशच्या मागून उतरत थेट पायाशी येत होती. शिवाय दाराच्या तळाला पाणी बाहेर जायला जी भोकं असतात ती पुराच्या गाळाने बुजलेली. म्हणजे पूर एकदाच आला, पण गाडी दर पावसाळ्यात थोडी थोडी भिजत होती. काचेचं रबर नवीन टाकलं, भोकं तारेने मोकळी केली आणि मगच ग्राइंडर हातात घेतला.

बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, खालून जाणारे ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप बाजूला घेतले. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) समपातळीत ठेवली. डावा सिलही कापायचा होता, म्हणून दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप तात्पुरता वेल्ड करून टाकला. तसं नाही केलं तर बॉडी मधोमध बसते, नवीन पत्रा त्या बसलेल्या मापातच जुळतो आणि नंतर दार जन्मात लागत नाही. मिस्त्री दर टप्प्याला पाइपच्या आजूबाजूच्या फटी बोटाने मोजत. मीटर टेपपेक्षा त्यांचा त्या बोटावर जास्त भरवसा.

सिल कापला तेव्हा आतून माती सांडली. बारीक, राखाडी, मैद्यासारखी. गोदावरीचा गाळ होता तो, इतकी वर्षं बंद पेटीत बसलेला. वरचा भाग सुका, पण तळाशी बोट घातलं तर अजून गार आणि ओला. मिस्त्रींचा पोरगा म्हणाला, "काका, यात कोथिंबीर लावली असती." सुपलीभर माती निघाली. सिलचा तळ त्या मातीच्या उंचीपर्यंत चाळणी झालेला आणि त्याच्या वर अर्ध्या इंचावर कंपनीचा मूळ प्रायमर जसाच्या तसा!

फियाटचा तयार फ्लोअर मला कुठे मिळाला नाही. त्यामुळे अंबडच्या एमआयडीसीतून सीआर (कोल्ड रोल्ड, साधा बिनमुलाम्याचा) पत्रा आणला: फ्लोअरला 20 गेज, सिलला त्याहून जाड 18 गेज. मी गंज नको म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सुचवला होता, मिस्त्रींनी उडवून लावला. जस्ताचा धूर छातीत बसतो, ताप भरतो आणि वेल्डही धड पकडत नाही. मूळ फ्लोअरला लांब उभे उठाव असतात, ते शोभेचे नसतात. त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. सपाट पत्रा टाकला तर पायाखाली डबडब वाजतो. अंबडमधल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने जुना तुकडा समोर ठेवून तसे उठाव पाडून दिले. त्याने घेतलेले पैसे मला जास्त वाटले, पण पत्र्यावर उभा राहिलो तेव्हा तक्रार संपली.

वेल्डिंग सीओटूने केलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तार वितळवणाऱ्या विजेच्या मशीनने. गॅस वेल्डिंगने उष्णता पसरते आणि पत्रा वेडावाकडा होतो. सीओटूनेही सलग ओढत नाहीत. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग पहिल्याच्या शेजारी, मध्ये पत्रा निवू द्यायचा. बघायला कंटाळवाणं काम. मला मध्येच चहा आणायला पिटाळलं जायचं, बहुतेक मी डोक्यावर उभा राहू नये म्हणून.

रंगाच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. मिस्त्रींची पद्धत रेड ऑक्साइड मारून वर काळं. पण नुसतं रेड ऑक्साइड ओल धरून ठेवतं, म्हणून इपॉक्सी प्रायमर घ्यायला लावला. जिथे जुना पत्रा राहिला तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, जोडांवर सीम सीलर भरला आणि मग खालचा कोट. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. मिस्त्री म्हणाले, "एवढं तर आम्ही नव्या गाडीला पण करत नाही." पण पुढच्या गाडीला त्यांनी तोच प्रायमर मागवला, हे मी दुकानदाराकडून ऐकलं.

आतला फेल्ट परत घातला नाही. त्याऐवजी पाणी न पिणारा फोम आणि वर सुटी रबर मॅट टाकली, केव्हाही उचलून बघता येते. आवाज थोडा वाढलाय, घरच्यांची कुरकुर आहे. फ्लोअरच्या भोकांची रबरी बुचंही नवीन टाकली.

या श्रावणात मुद्दाम पावसातच त्र्यंबकला गाडी नेली. परत येऊन मॅट उचलली, फ्लोअर कोरडा. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत मात्र रंगाखाली एक फोड दिसतोय. मिस्त्रींना फोटो पाठवला. उत्तर आलं: "दिवाळीनंतर आणा. तोवर टोकरू नका."